काकूने ऐकलेले काका

काकूचं लग्न ठरलं तेव्हा मुलगा शिंपी आहे, दुकान स्वतःचं आहे, कसलं व्यसन नाही, हे सगळं तिला सांगण्यात आलं. एक गोष्ट मात्र कुणी बोललं नाही. मुलगा काय म्हणतो ते बाकीच्या जगाला समजावून सांगायचं काम यापुढे तिच्याच गळ्यात पडणार होतं.

काका तिरसट नाहीत, घुमेही नाहीत. ते बोलतात, पण आतल्या आत. पोरवयापासून ओठांत टाचण्या धरून शिवणकाम केलेलं. टाचण्या सांडू नयेत म्हणून तोंड उघडायचं नाही ही सवय लागली ती लागलीच. जेवायला बसल्यावर टाचण्या नसतात, पण ओठ ड्युटीवरच असतात. त्यात मान खाली, हातात कापड आणि समोर मशीनची धडधड. मी त्यांची पुतणी. लहानपणी मी काकांना जे जे प्रश्न विचारले, त्यांची उत्तरं मला काकूनेच दिलेली आहेत.

दुकान म्हणजे एक लांबट खोली. दाराशी कापायचं मोठं टेबल, मागे दोन शिलाई मशिनं, कोपऱ्यात इस्त्री, वर एक पंखा. तो वारा कमी आणि आवाज जास्त देतो. टेबलाच्या कडेला काकूचं स्टूल. गिऱ्हाईक आलं की काका टेप लावून मापं घ्यायचे, पुटपुटायचे आणि काकू लिहून घ्यायची. कापडाची घडी उलगडून, दोन बोटांत चुरगळून काका म्हणायचे, "हं." मग काकू गिऱ्हाइकाकडे वळायची. "ते म्हणतायत, कापड छान आहे, पण एका धुण्यात आटेल. माया जास्त ठेवतो, काळजी करू नका." शिवणीच्या आत जे जादा कापड सोडतात त्याला शिंपी लोक माया म्हणतात. एवढ्याशा 'हं'मधून एवढं मोठं वाक्य कसं काय निघतं, हे कुणी कधी विचारलं नाही. कपडे अंगाला नीट बसत होते, मग कशाला कोण विचारतंय.

असा संसार सुखाने चालला होता. मग परगावी राहणाऱ्या ताईला, म्हणजे त्यांच्या लेकीला, जुळी होणार असल्याचं कळलं. डॉक्टरांनी तिला बाळंत होईपर्यंत पडून राहायला सांगितलं. काकूला जाणं भाग होतं, आणि तेही काही महिने. काकूला ताईपेक्षा काकांची काळजी जास्त. "ती पडून तरी राहील," काकू म्हणाली, "पण यांचं बोलणं कोण लिहून घेणार?"

तिथे मी तोंड घातलं. भिंतीला कान असतात म्हणतात ना, त्या कानांना शिकवायचं काम आमची कंपनी करते. माणूस बोलेल ते ऐकून लिहून काढणारं एक अ‍ॅप आम्ही बनवत होतो. मी काकांच्या फोनवर ते चढवलं आणि ऐटीत म्हटलं, "काका, तुम्ही नेहमीसारखी मापं घ्या, बोला. फोन लिहून घेईल. तेच काकूलाही जाईल, म्हणजे तिची तिकडून नजर राहील."

काका म्हणाले, "हं."

मी काकूकडे पाहिलं.

"हो म्हणतायत," काकू म्हणाली. "पण विश्वास बसलेला नाही."

काकांचा विश्वास बसला नाही हे बरंच झालं, कारण माझा फारच बसलेला होता. आमच्या ऑफिसात एक खोली आहे, भिंतींना जाड गाद्या ठोकलेली. तिथे बसून आम्ही सगळे बातम्या दिल्यासारखे स्वच्छ बोलायचो, यंत्र बिनचूक लिहायचं आणि आम्ही एकमेकांच्या पाठी थोपटायचो. आमचे टीम लीडर त्या खोलीच्या बाहेरही कुणी खुर्ची सरकवली तर "शांतता, शांतता" करत यायचे, म्हणून त्यांना सगळे शांतिदूत म्हणायचे. शांतिदूतांच्या राज्यात आमचं यंत्र राजा होतं.

काकू जाऊन आठवडाही झाला नसेल, तिचा मला फोन. "अगं, काकांना कॉलरा झालाय आणि तुम्ही कुणी मला कळवत नाही?"

मी दुकानात फोन केला. काका म्हणाले, "हं?" मागे मशीन चालू होतं. कॉलरा झालेला माणूस मशीन चालवत नाही. मग काकूला आलेला मजकूर मी मागवून घेतला. त्यात लिहिलं होतं, "कॉलरा साडेपंधरा. कफ नऊ. अस्थमा वाटलाय, बदलून पाहिजे." काका म्हणाले होते, "कॉलर साडेपंधरा. कफ नऊ. अस्तर फाटलंय, बदलून पाहिजे." काकूने पिशवी भरून दारात आणून ठेवली होती. ती तिने पुन्हा रिकामी केली.

पुढचे मजकूर काही जिवावरचे नव्हते, पण डोक्याला ताप होते. बाहीची बाई झाली. "ही साडेतेवीस बाई कोण?" काकूने विचारलं. "साडेतेवीस हे वय समजायचं का?" कंबरेची खबर झाली, काजाची काच झाली. एक शब्द मात्र यंत्राने बरोबर लिहिला होता, तर शांतिदूतांनी मला बाजूला घेऊन हळूच विचारलं, "तुमच्या काकांच्या आयुष्यात ही माया कोण आहे? सारखे तिला जास्त ठेवा म्हणतायत."

हसण्यावारी नेता आलं तोवर नेलं. मग बेकरीवाल्याच्या कोटाचं झालं. बेकरीवाला काकांचं जुनं गिऱ्हाईक, माणूस गोल पण हात लांब. बहिणीच्या लग्नासाठी कोट हवा होता. काकांनी बाही पंचवीस सांगितली, मागे पंखा खडखडला, फोनने तेवीस लिहिली. हाताने लिहिलेलं काका दोनदा पडताळतात, पण छापील अक्षरावर त्यांचा फार भरवसा. छापलंय म्हणजे खरंच असणार. त्यांनी कोट तसाच कापला. ट्रायलला बेकरीवाल्याने कोट घातला तर दोन्ही मनगटं बाहेर. तो बिचारा म्हणाला, "बेकरीत घालायला बरा. मैदा लागणार नाही." काकांनी उरलेल्या कापडाचे रुंद कफ जोडून वेळ मारून नेली, लोकांना ती नवी फॅशन वाटली, पण काकांना ते लागलं. मी संध्याकाळी दुकानात गेले तर त्यांनी फोन माझ्या हातात दिला आणि नुसतं दाराकडे पाहिलं. हे समजायला मला काकू लागली नाही.

दुसऱ्या दिवशी मी ऑफिसात सगळं मांडलं. शांतिदूत म्हणाले, "त्यांना सांगा, जरा स्पष्ट बोला. आणि पंखा बंद ठेवा." नाचता येईना अंगण वाकडं, असं माझ्या जिभेवर आलं होतं, पण मी म्हटलं, "सर, तुम्हाला एक पँट शिवायची आहे म्हणत होतात ना? माझ्याबरोबर चला."

ते आले. काका टेप घेऊन त्यांच्याभोवती फिरले आणि पुटपुटले. पंखा फिरत होता, इस्त्रीतून वाफ फुसफुसत होती, बाहेर कुणीतरी स्कूटरला किक मारून मारून थकलं होतं, आणि दुसऱ्या मशीनवर काकांचा कारागीर परकर शिवत होता. शांतिदूतांनी वर पंख्याकडे पाहिलं. मग मला म्हणाले, "आपण गादीच्या खोलीत वर्ष घालवलं. लोक गादीच्या खोलीत राहत नाहीत." स्वतः चुकले की चटकन मान्य करतात, हा त्यांचा गुण. तिथल्या तिथे त्यांनी काकांना विचारलं, दुकानात माइक लावू का? सगळं बोलणं टिपलं जाईल, त्यातलं तुम्हाला नको असेल ते आम्ही पुसून टाकू.

काका म्हणाले, "हं."

मी काकूला फोन लावून तो 'हं' ऐकवला. "लावा म्हणतायत," काकू म्हणाली. "पण भिंतीला भोकं पाडू नका."

एक माइक काकांच्या कॉलरला, एक टेबलावर, एक लांब भिंतीवर चिकटवलेला. जवळून आवाज कसा येतो आणि लांबून कसा विरतो, दोन्ही यंत्राला कळायला हवं होतं. दारावर पाटी लावली, 'इथे बोलणं टिपलं जातं.' त्याचा परिणाम गिऱ्हाइकांवर झाला. बेकरीवाला आत आला, पाटी वाचली, घसा खाकरला आणि म्हणाला, "नमस्कार. मी पाटलोणीचे माप देण्याकरिता उपस्थित झालो आहे." दोन-तीन दिवसांनी लोक पाटी विसरले आणि पूर्वीसारखे भाव करू लागले.

आता आवाज मिळाला, पण नुसता आवाज देऊन यंत्र शिकत नाही. त्याबरोबर तो माणूस नेमकं काय बोलला ते लिहून द्यावं लागतं. आवाज आणि अक्षरं शेजारीशेजारी ठेवली की ते हळूहळू मेळ घालायला शिकतं. लिहून देणारी माणसं आमच्याकडे होती, कानाने तयार. त्यांनी काकांचे तुकडे ऐकले आणि लिहिलं, 'अस्पष्ट'. पुढच्यावरही 'अस्पष्ट'. एकीने प्रामाणिकपणे लिहिलं, 'पंखा'.

मग कुणाकडे जाणार? काकूकडेच.

ताई दुपारी झोपली की काकू खिडकीपाशी बसायची, कानाला हेडफोन, मांडीवर जावयाचा लॅपटॉप. मी पाठवलेले तुकडे ऐकायची आणि एका बोटाने टाइप करायची. तिचं पहिलं काम आलं आणि ऑफिस खूश झालं. मी तपासायला बसले तर वेगळंच दिसलं. काका 'हं' म्हणाले होते, तिथे काकूने लिहिलं होतं, 'कापड छान आहे, पण एका धुण्यात आटेल.'

"काकू, ते एवढं बोललेच नाहीत."

"पण त्यांना तसंच म्हणायचं होतं."

"म्हणायचं काय होतं ते नको. ऐकू आलं तेच लिही. 'हं' तर 'हं'."

"मग त्यात काय अर्थ राहिला?"

"अर्थ यंत्र नंतर शिकेल. आधी त्याला ऐकू तर येऊ दे."

आमची चांगलीच जुंपली. ती म्हणायची, मी इतकी वर्षं हेच करत आले. मी म्हणायचे, म्हणून तर. शेवटी तिने ऐकलं. 'हं' तिथे 'हं' लिहायला लागली. एकदा तर काका "जरा" म्हणून थांबले होते. काकूने 'जरा ढिली ठेवतो' लिहिलं, मग खोडून नुसतं 'जरा' ठेवलं. "इतकं कमी बोलतात ते?" तिने मला विचारलं. "मला वाटायचं आम्ही दिवसभर बोलत असतो."

आणि मग एके दुपारी तिचा फोन आला. "काका दुकानात कुणाशी बोलतात गं?"

आम्ही ते तुकडे काही सेकंदांचे करायचो आणि पत्त्यांसारखे पिसायचो, म्हणजे कुणाचं खासगी बोलणं एका माणसाच्या हाती सलग पडू नये. त्यामुळे काकूला आलेल्या तुकड्यात फक्त एवढंच होतं, "...मग ती एकदम खाली पडली. पण पाय शाबूत आहेत." कोण पडलं, कुणाचे पाय, काही पत्ता नाही. काकू सगळी दुपार तुकडे उलटसुलट करत बसली. एकात "कारागिराचा धक्का लागला", एकात "चटका नाही बसला", आणि शेवटी मिळालं, "इस्त्रीची घडवंची". जीव भांड्यात पडला. पण त्याच ढिगात एक तुकडा होता, मशीनच्या धडधडीखाली दबलेला. "तुला सांगतो, बेकरीवाल्याच्या बहिणीच्या लग्नात..." आणि तुकडा संपला.

काका काकूशीच बोलत होते.

मग मला आठवलं. तुमचं बोलणं काकूच लिहून देते, हे मीच काकांना सांगितलं होतं, आणि ते 'हं' म्हणाले होते. रोज संध्याकाळी या दोघांचा फोन व्हायचा तो असा: जेवलात का? हं. बरं आहे ना? हं. ठेवू? हं. पण दुकानात कोणी नसलं, मशीन चालू असलं, की काका त्या माइककडे तोंड करून दिवसभराचं सांगत होते. कोण आलं, कुणी पैसे बुडवले, कारागिराने परकराला उलटी पट्टी कशी लावली, शांतिदूत नावाच्या माणसाची पोटरी किती बारीक आहे. लांबच लांब वाक्यं. इतकी वर्षं ती कुठे होती कोण जाणे.

काकूचा कामाचा वेग दुप्पट झाला. "अजून तुकडे पाठव," ती म्हणायची. "बेकरीवाल्याच्या बहिणीचं लग्न माझ्याकडे अर्धंच झालंय." ताईलाही नाद लागला. ती पडल्या पडल्या कथा जुळवायची, "आई, हा तुकडा त्या नवरदेवाच्या बुटांच्या आधीचा असणार." डॉक्टर म्हणाले, रक्तदाब छान आहे, काय करता? काय सांगणार?

एका तुकड्यावर मात्र काकूने फक्त एवढंच लिहून पाठवलं, 'खासगी. पुसून टाका.' आम्ही तो न ऐकता पुसला. शांतिदूतांनी स्वतः बटण दाबलं. त्यात काय होतं, ते त्या दोघांनाच ठाऊक.

इकडे यंत्र सुधारू लागलं. एक तर त्याला आता काकांचे शब्द माहीत झाले, बाही, मुंढा, काज, अस्तर. दुसरं म्हणजे आम्ही बेकरीत, गॅरेजात, लाँड्रीत जाऊन तिथला गोंगाट टिपून आणला आणि स्वच्छ आवाजांत मुद्दाम कालवला, म्हणजे यंत्राला सवय व्हावी. आणि एक साधी खोड निघाली. बोलणारा क्षणभर थांबला की त्याचं बोलणं संपलं असं यंत्र धरून चालायचं आणि घाईने काहीतरी लिहून मोकळं व्हायचं. काका "बाही" म्हणतात, टेप बघतात, एक टाचणी काढतात, मग "पंचवीस" म्हणतात. तोवर यंत्राने बाहीची बाई करून टाकलेली असायची. आम्ही त्याला थांबायला शिकवलं. अजूनही ते चुकतं. काकांना सर्दी झाली की त्याची पंचाईत होते. पण कॉलरा पुन्हा कुणाला झाला नाही.

ताईला एक मुलगा, एक मुलगी झाली. जावयाने दुकानात फोन केला. काका म्हणाले, "हं. बरं." जावई हिरमुसला. चार दिवसांनी काकूच्या ढिगात तुकडे आले. त्या दुपारी काका काय काय बोलले होते ते तिने जावयाला बोलावून ऐकवलं. जावयाला एक अक्षर कळलं नाही. काकूने सांगितलं, आणि या वेळी नेमकं तेवढंच सांगितलं, जेवढं ते बोलले होते. तेवढं पुष्कळ होतं.

नातवंडं जरा मोठी झाल्यावर काकू परत आली. पहिले दोन दिवस गेले सामान लावण्यात. तिसऱ्या दिवशी जेवताना, मी तिथेच होते, तिने विषय काढलाच.

"एवढं बोलता येतं तर इतकी वर्षं माझ्याशी का नाही बोललात? मधे मशीन लागतं का?"

काका जेवत राहिले. मला वाटलं, आता 'हं' येणार. काकूने तोंड उघडलं, आणि पुन्हा मिटलं. थांबली.

काका म्हणाले, "तिथे तू मधे बोलत नव्हतीस."

काकू आधी रागावली, ते मला तिच्या लाल झालेल्या कानांवरून कळलं. मग तिला हसू फुटलं आणि ठसका लागला. काकांनी पाण्याचा पेला पुढे केला. "बरं," ती म्हणाली, "सांगा आता, त्या नवरदेवाच्या बुटांचं पुढे काय झालं? तो तुकडा मला आलाच नाही." काकांनी सांगितलं. मला अर्धंच कळलं, आणि काकूने मला समजावून सांगितलं नाही. ती ऐकत होती.

आता काकू आमच्याकडे रीतसर कामाला आहे. गॅरेजवाले, मास्कआडून बोलणाऱ्या नर्सबाई, तोंडात शिट्टी धरून बोलणारा रस्त्यावरचा पोलीस, असे सगळे 'अस्पष्ट' तिच्याकडे जातात. सगळे तिला सुटत नाहीत. पोलिसापुढे तिने हात टेकले. दुपारची ती दुकानातच बसते, कानाला हेडफोन लावून, त्यामुळे शेजारी काका काय बोलतात ते तिला ऐकू येत नाही. गिऱ्हाइकांचं आता थेट काकांशी.

परवा बेकरीवाला पँटचं माप द्यायला आला. सवयीने त्याने काकूकडे पाहिलं. काकूने हेडफोनकडे बोट दाखवलं आणि टाइप करत राहिली. तो नाइलाजाने काकांकडे वळला आणि श्वास रोखून उभा राहिला. काकांनी टेप लावला.

"पोट आत घेऊ नका," काका म्हणाले. "माप घेतोय, फोटो नाही काढत."

बेकरीवाल्याला शब्द न् शब्द कळला. टेबलावरच्या फोनलाही कळला. कंबर अडतीसच्या खाली त्याने ते नीट लिहून ठेवलं, आणि बेकरीवाला ते पुसून टाका म्हणून अर्धा तास काकांच्या मागे लागला होता.